पिवळं मेण आणि राजम्मा

राजम्माला मी पहिल्यांदा पाहिलं ते सोलापूरच्या एसटी स्टँडवर, एका अनोळखी बाईचा पदर धरून उभी असताना. मंगळवेढ्याची गाडी लागायची होती. ती बाई ओरडायच्या बेतात होती आणि राजम्मा मान तिरपी करून, पदराचं टोक अंगठा आणि दोन बोटांत चोळत होती. मग तिनं पदर सोडला आणि म्हणाली, "खळ हाय अजून ह्यात. दोनदा उकळून काढा, मगच नेसा." बाईला काही सुचायच्या आत राजम्मा पार पलीकडच्या फलाटावर पोचली होती आणि तिथल्या एका म्हाताऱ्याच्या धोतराकडे संशयानं बघत होती. मी मनाशी म्हटलं, डोक्यानं अधू दिसते बिचारी.

पुढच्या सोमवारी ही बिचारी आमच्या मुलींच्या शाळेत बाटिकच्या वर्गाची बाई म्हणून हजर झाली. हेडबाईंनी ओळख करून दिली तेव्हा तिनं मला नमस्कार केला आणि त्याच हातानं माझा पदर उचलला.

मी तेव्हा त्या शाळेत मराठी शिकवत होते. सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं बाटिकच्या खुळाची होती, म्हणजे कापडावर मेणानं नक्षी झाकायची आणि उरलेलं रंगवायचं. जिच्या तिच्या अंगावर बाटिकची साडी, ज्याच्या त्याच्या भिंतीवर बाटिकची नाचरी बाई किंवा हत्ती. आमच्या संस्थेलाही वाटलं की दुपारचा एक वर्ग काढावा, आपल्या मोठ्या मुली शिकतील, बाहेरच्या बायकाही येतील. वर्गाची देखरेख माझ्याकडे आली, कारण मी नाही म्हणत नसे. त्यामुळे राजम्मा माझ्या वाट्याला आली, आणि ती वाट्याला आली म्हणजे माझी स्वस्थता गेली.

ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. चुलत्याच्या रंगाच्या भट्टीवर ती रंग शिकली होती. बाटिक कुठं शिकली हे विचारलं की म्हणे, "बघून बघून." वय पस्तिशीच्या पुढं, अंगानं काटकुळी, कोपरापर्यंत हातांवर कुठला ना कुठला रंग. आणि पाय एका जागी म्हणून नाहीत. आत्ता खिडकीशी, आत्ता नळाशी, आत्ता मुलीच्या मागं उभी राहून तिच्या खांद्यावरून ब्रश ओढून घेतेय. बोलताना वाक्य एका भिंतीपाशी सुरू व्हायचं आणि दुसऱ्या भिंतीपाशी संपायचं. तिच्याशी बोलून मला मान दुखायची.

गंमत म्हणजे या बाईच्या तोंडी सगळ्यांत जास्त असायचा तो शब्द "आगु". तेलुगूत आगु म्हणजे थांब. पोरींना आगु, रंगाला आगु, दारात आलेल्या शिपायाला आगु. पहिल्याच आठवड्यात पोरींनी तिचं नाव आगुबाई पाडलं. ते तिला कळलं तेव्हा ती हसली आणि हसता हसता व्हरांड्यात निघून गेली.

स्थिर व्हायची ती फक्त मेणाच्या कढईपाशी. स्टोव्हवर कढई चढली, मेण वितळायला लागलं की राजम्मा दोन्ही हात मागं बांधून उभी राहायची. मेण कसं वितळतं, कडेनं आधी की मधून, धूर निघतो का, वास कसला येतो, सगळं बघायची, हुंगायची. मग कापडाच्या तुकड्यावर एक थेंब टाकायची. थेंब पांढराच राहिला तर मेण गार आहे, वरच्या वर बसलंय, रंगात घातलं की निघून येणार. थेंब टाकला तिथं कापड पाण्यात भिजवल्यासारखं आरपार दिसलं, तर मेण आतवर गेलं. मग ती म्हणायची, "आता." तेवढं आता ऐकायला सगळा वर्ग श्वास धरून उभा असायचा, मीसुद्धा.

मेणाचे स्वभाव तिनं पोरींना पहिल्या दिवशी सांगितले ते मला अजून पाठ आहेत. पांढरं मेण, म्हणजे मेणबत्तीचं, दुकानात मिळतं ते, कडक आणि तुसडं. वाकवलं की मोडतं, आणि मोडलं तिथून रंग आत शिरतो. पिवळं मेण मधाच्या पोळ्याचं. ते मऊ, कापडाला धरून राहतं, घडी घातली तरी सोडत नाही. थोडी राळ घातली तर चिकटपणा वाढतो. किती कशात घालायचं हे मात्र तिनं कधी मापात सांगितलं नाही. शाळेत आली की हात बाहेर काढून वारं बघायची आणि ठरवायची. उन्हाळ्यात पांढरं जास्त, कारण आमच्या उन्हात सगळंच मऊ पडतं. थंडीत पिवळं जास्त. मी एकदा वही घेऊन बसले की प्रमाण लिहून ठेवू या. तिनं वहीचा कागदच बोटांत चोळून पाहिला.

पिवळं मेण मंगळवेढ्याकडची एक मेंढपाळ बाई आणून द्यायची. बाभळी-निंबांवरची, कड्यांवरची पोळी त्यांच्या माणसांना ठाऊक असत. फडक्यात बांधलेली ढेप राजम्मा उघडायची, कोपरा दातांनी तोडायची आणि चघळत वर्गभर फिरायची. खरं मेण आधी भुगा होतं, मग हळूहळू मऊ पडतं, शेवटी मधाची जराशी चव उरते. भेसळ असली तर दाताला चिकटतं आणि तोंड तेलकट होतं. तोंडातलं मेण पुरतं मऊ पडेपर्यंत राजम्मा कुणाशी एक अक्षर बोलायची नाही. मला ते बघवत नसे. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही, आणि पोळ्यात माशीची पिल्लं असतात हे मी लहानपणी ऐकलं होतं. मी तोंड फिरवून बसायची.

बसायची मी. राजम्मा कधीच नाही. हेडबाईंनी तिच्यासाठी मुद्दाम हाताची खुर्ची पाठवली होती. राजम्मानं तिच्यावर ओली कापडं वाळत घातली. स्टाफरूममध्ये चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, हजेरीपटावर सही उभ्यानं. शेवटी एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, बसा की दोन मिनिटं, माझेच पाय दुखायला लागले." तेव्हा तिनं सांगितलं. नऊ वर्षांची असताना तिच्या मांडीवर विड्यांचं सूप आलं. सुपात तंबाखू, पानं, दोरा. सकाळी मांडी घालायची ती दिवेलागणीला सोडायची. लग्न झालं तरी सूप, नवरा भिवंडीला मागावर गेला आणि तिकडचाच झाला तरी सूप. तिशी उलटून चुलत्याच्या भट्टीवर जायला लागली तरी उरलेला दिवस सूप होतंच, या वर्गापर्यंत ती बसलेलीच होती. "लई बसून झालं, बाई," ती म्हणाली. "हा वर्ग मिळाला तवा देवाला म्हटलं, आता मांडी घालणार न्हाय." बोलताना तिचा उजवा अंगठा आणि बोटं पदराचं टोक वळत होती, वळून सोडत होती, परत वळत होती. इतके दिवस मी त्याला चाळा समजत होते.

ती घाबरायची नाही हेही सांगायला हवं. एकदा एका मुलीनं कढईकडे पाठ केली आणि मेणानं पेट घेतला. ज्वाळा पार खिडकीच्या वर. दुसरी मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. मीही "पाणी, पाणी" करत होते. राजम्मानं त्या मुलीला कोपरानं असं बाजूला केलं की ती भिंतीवर आपटली, आणि कढईवर परात पालथी टाकली. आग गपकन गेली. पेटत्या मेणावर पाणी पडलं असतं तर आम्ही सगळ्याच भाजलो असतो, हे तिनं नंतर सांगितलं, आणि आपटलेल्या मुलीला चहा पाजला. हेडबाईंपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून आम्ही छताचा काळा डाग चुन्यानं झाकला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पावसाळा कोरडा गेला, मागोमाग रब्बीही गेली. ज्वारीच्या मुलखात ज्वारी दिसेना. शाळेचा हौद आटला. पोरी घरून पाण्याचा तांब्या आणायला लागल्या. आणि रंगकामाला पाणी लागतं ते कसं लपवणार? संस्थेत कुजबुज सुरू झाली की हे बाटिकचं थेर आता पुरे. अध्यक्ष मूळचे मोडनिंबचे, तिकडच्या विहिरींचे तळ बघून आलेला माणूस, वाईट नव्हता. त्यांनी एक संधी दिली. माघात संस्थेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं, मुंबईहून कलेतले एक जाणकार पाहुणे येणार होते. रंगमंचाच्या मागच्या भिंतीसाठी वर्गानं एक मोठा पडदा करावा. पाहुण्यांना पसंत पडला तर वर्ग कायम, आणि राजम्माची नेमणूकही कायम. नाहीतर बंद. राजम्मानं ऐकून घेतलं आणि अंगणात चार फेऱ्या मारल्या.

तिनं चित्र काढलं ते ज्वारीच्या कणसांचं. गडद तांबड्या रंगावर पांढरीशुभ्र टपोरी कणसं, माणसाच्या उंचीची. त्या वर्षी असं चित्र काढायला धाडस लागत होतं. पण खरी अडचण निराळी. पांढरं ठेवायचं तर मेणाला एकही तडा जाऊन चालणार नाही. एरवी एवढं कापड हौदात पसरून रंगवता आलं असतं. आता पाणी मिळणार होतं एक पिंप, तेही रविवारी, म्हणजे चार मीटर कापड घड्या घालून छोट्या टबात बुडवायचं. घडी सोसेल असं मेण एकच, पिवळं. आणि मंगळवेढ्याची बाई आली ती रिकाम्या हातानं. फुलोरा नाही, माश्या उठून गेल्या, असं सांगून ती आल्या पावली परत गेली.

माझा भाऊ तेव्हा वैरागला मास्तर होता. मीच पुढं होऊन म्हटलं, तिथल्या बाजारात बघायला सांगते. त्यानं खरंच एक मोठी ढेप पाठवली, छान पिवळी, मधाचा वास असलेली. ती माझ्या हातात पडली शनिवारी सकाळी. पाहुणे बुधवारी यायचे होते.

शनिवारी राजम्माचा उपास असायचा. सूर्य मावळेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही, मग मेण कुठलं? तिनं ढेप हुंगली, नखानं खरवडली, उन्हात धरली. मग माझ्यापुढं केली. "बाई, तेवढं तुमी चावून बघा की."

मी ढेप घेतली. कोपरा नखानं तोडला, तोंडाकडे नेला आणि तिची पाठ वळताच रुमालात टाकला. दोनदा जबडा हलवला. "चांगलं आहे," मी म्हणाले. "मधाची चव लागते."

ती माझ्याकडे बघत राहिली. पाय एकदा दाराकडे गेले, परत आले. मग तिनं स्टोव्ह पेटवला.

त्या दिवशी मेण नेहमीच्या पिवळ्यापेक्षा लवकर वितळलं. आणि राजम्मा कढईपाशी उभी राहिली नाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं. थेंब टाकून ती लगेच "आता" म्हणाली आणि ब्रश उचलला. दिवसभर, उपाशी, पाणी न पिता, तिनं ती कणसं दाणा दाणा करून मेणानं भरली. पोरी दमून बसल्या, ती वाकली की वाकलेलीच. मी तिला दोनदा विसावा घ्यायला सांगितलं, कारण माझं मन मला खात होतं. पण खरं सांगितलं नाही. म्हटलं, असेलही चांगलं, भाऊ काय फसवणार?

रविवारी सकाळी वारं बोचरं होतं. पडद्याची पहिली घडी घातली तेव्हा बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा. राजम्माचे हात जागच्या जागी थांबले. पण पिंपातलं पाणी टबात गेलेलं होतं, रंग कालवलेला होता, दुसरं पाणी मिळणार नव्हतं. तिनं घड्या पुऱ्या केल्या. तिच्या रंगाला दोन पाणी लागत, म्हणून पिंप दोन टबांत वाटलं होतं. पहिल्या पाण्यात कापड नुसतं पिवळट दिसतं, दुसऱ्यात बुडवलं की रंग फुटतो. रंग फुटला. पडदा उलगडून दोरीवर टाकला तेव्हा प्रत्येक पांढऱ्या कणसावर तांबड्या रेघांचं जाळं पसरलेलं होतं. मेण काढल्यावर तर ते आणखीच उठून दिसलं. पोरी म्हणाल्या, किती छान. राजम्मा शाळेच्या आवाराला फेऱ्या घालत राहिली, एक, दोन, किती तरी. मी पायरीवर बसून त्या मोजत होते.

बुधवारी पाहुणे आले. पडद्यासमोर उभे राहिले आणि हरखून गेले. अशी जाळी, ते म्हणाले, भल्याभल्यांना साधत नाही. बाटिकचा जीव या तड्यांत असतो, आणि इथं पिकाच्या कणसाला तडे दाखवलेत, या वर्षात, याला म्हणतात कलावंत. अध्यक्षांचा चेहरा फुलला. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की वर्ग चालू राहील. मला रडू यायचं बाकी होतं. सुटलो, मी आणि ती दोघीही. मी तिचा हात दाबला.

पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "बाई, ही जाळी केलीत कशी?"

राजम्मानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला. "केली न्हाय, साहेब. झाली," ती म्हणाली. "मेण खोटं निघालं. कणीस पांढरं पायजे होतं, त्यात रंग शिरला. हे चुकलेलं काम हाय. मला एक पिंप पाणी द्या, मी पुन्हा करून देते."

दुष्काळात, दोनशे माणसांसमोर, तिनं पिंपभर पाणी मागितलं होतं. पाहुणे हसून काहीतरी म्हणाले, पण अध्यक्षांना ते लागलं. भरल्या सभेत तिनं त्यांच्या पाहुण्यांना खोटं पाडलं होतं. पोरी घरून तांब्या आणतात आणि ह्यांना हौसेला पिंप हवं, ते नंतर हेडबाईंपाशी म्हणाले, आणि तेही चुकलेलं काम सुधारायला. आठवड्यानं चिठ्ठी आली. पाऊस पडेपर्यंत वर्ग बंद.

मी जाऊन सांगू शकले असते की मेण मी आणलं, मीच तपासलं म्हणून खोटं बोलले. मी गेले नाही. नोकरीची भीती नव्हती. लाजच वाटली, दुसरं काही नाही. आणि राजम्मानंही मेण कुणी आणलं हे कुणाला सांगितलं नाही. ती शेवटच्या दिवशी ब्रश धुऊन, कढई पालथी घालून, मला "येते, बाई" म्हणून गेली.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. वर्ग उघडला नाही. त्या खोलीत टायपिंगची यंत्रं आली.

दोन वर्षांनी माझं बार्शीला जायचं ठरलं, तेव्हा मात्र मला राहवेना. विचारत विचारत तिच्या गल्लीत गेले. दोन्ही बाजूंना उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, तंबाखूचा उग्र वास, पानं कापणाऱ्या कात्र्यांचा एकसारखा आवाज. शेवटच्या घरापाशी राजम्मा होती. तिनं सूप खिडकीच्या उंच कट्ट्यावर ठेवलं होतं आणि त्याच्यापुढं उभी राहून ती विड्या वळत होती. पाय जागच्या जागी हलत होते. शेजारणी तिला हसतात हे दिसतच होतं.

मला बघून तिला आनंद झाला. पाणी दिलं, गूळ दिला, आणि माझा पदर चोळून पाहिला. "खळ काढली न्हाय तुमी," ती म्हणाली.

मी पाणी तसंच हातात धरून म्हटलं, "राजम्मा, मी त्या दिवशी मेण चावलं नव्हतं."

"ठाऊक हाय," तिचे हात थांबले नाहीत. "मेण चावणारं माणूस लगेच बोलत न्हाय. ते तोंडात मऊ पडायला वेळ लागतो. तुमी लगेच म्हणालात, चांगलं हाय."

"मग वापरलंत का?"

ती विडीला दोरा गुंडाळत राहिली. "संध्याकाळी उपास सुटणार होता. मीच चावून बघितलं असतं. घरात मूठभर खरं मेण होतं, लहान पडदा केला असता." तिनं दोरा दातांनी तोडला. "पोरींना सारखं आगु, आगु म्हणत होते. मलाच तेवढं दिवस मावळेपातूर थांबवलं न्हाय, बाई. जीव राहीना."

मी हातातलं पाणी पिऊन टाकलं. मग तिनंच विचारलं, पडदा अजून लावलेला आहे का. मी म्हटलं, आहे, लोक जाळीचं कौतुक करतात. "उतरवा म्हणावं," ती म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

कोपऱ्यावर जाऊन मी वळून पाहिलं. गल्लीभर बायका बसलेल्या होत्या. ती एकटी खिडकीपाशी उभी होती.